गच्चीवरचं विमान आणि त्याचे पूर्वज

कांदिवलीच्या चारकोप भागात एका पाच मजली इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं गेलं, ही बातमी २०१६ साली आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. बांधणारे कॅप्टन अमोल यादव पेशाने वैमानिक. इमारत त्यांच्या एकत्र कुटुंबाची, घरात एकोणीस माणसं, आणि लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं मशीन आणि परदेशातून मागवलेलं १८० किलोचं इंजिन, सगळं अरुंद जिन्याने वर चढवलं. १,२०० चौरस फुटांच्या गच्चीवर ताडपत्री बांधून सहा वर्षांहून अधिक काळ काम चाललं. मदतीला गाड्यांच्या गॅरेजमधला एक मेकॅनिक आणि एक फॅब्रिकेशनवाला. सहा आसनी विमान तयार झालं, तेव्हा ते खाली कसं आणायचं हा प्रश्न आला. तो क्रेनने सोडवला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते विमान पाहिलं.

सोसायटीत राहणाऱ्या माणसाच्या तोंडून यावर पहिला प्रश्न निघतो तो असा: "परवानगी कुणी दिली?" आपल्याकडे गच्चीवर पापड वाळत घालायचे तरी किल्ली कुणाकडे आहे ते शोधावं लागतं, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण तो नुसता गमतीचाही नाही. यादवांच्या विमानाला 'व्हीटी-एनएमडी' हा नोंदणी क्रमांक मिळाला नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उड्डाणाचा परवाना मिळाला ऑक्टोबर २०१९ मध्ये. म्हणजे विमान गच्चीवरून उतरल्यावर कागद पूर्ण व्हायला आणखी साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. त्यानंतर २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी उड्डाणं झाली.

इतका वेळ का लागावा? लालफीत हे उत्तर आपल्याला पाठ आहे आणि त्यात तथ्यही असतं. पण घरी बांधलेल्या विमानांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर दुसरंही एक उत्तर सापडतं. विमान स्वतःच्या हाताने बांधता येतं, हे केव्हाच सिद्ध झालं आहे. आपण बांधलेलं आपल्यालाच तपासता येतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर काही माणसांनी जीव देऊन दिलेलं आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ती गोष्ट थोडक्यात सांगतो.

सायकलच्या दुकानातून

तसं पाहिलं तर जगातलं पहिलं यशस्वी विमान हे घरगुतीच. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन गावी ऑर्व्हिल आणि विल्बर या राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यांच्याकडे पदवी नव्हती, सरकारी अनुदान नव्हतं. पंखाचं मलमल कापड त्यांनी स्वतः शिवणयंत्रावर शिवलं. इंजिन मिळेना, तेव्हा दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचं इंजिन घडवून दिलं. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक इथल्या वाळूवर पहिलं उड्डाण झालं: १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंद आणि ८५२ फुटांचं. मग वाऱ्याच्या झोताने यंत्र उलटंपालटं झालं आणि त्या वर्षीचं काम तिथेच संपलं.

या गोष्टीत एक क्रम आहे, तो सहसा सांगितला जात नाही. राइट बंधूंनी आधी उडवायला शिकून घेतलं आणि मग इंजिन बसवलं. त्यांच्या आधी जर्मनीत ऑटो लिलिएंथाल याने ग्लायडरवर, म्हणजे इंजिन नसलेल्या पंखांवर, सुमारे दोन हजार झेपा घेतल्या होत्या. १८९६ मध्ये तो पडून गेला. विल्बरने हिशेब केला की एवढ्या झेपा घेऊनही हा माणूस पाच वर्षांत हवेत राहिला तो जेमतेम पाच तास. इतक्या सरावावर कुणी सायकलसुद्धा गर्दीत चालवणार नाही. म्हणून १९०० ते १९०२ अशी तीन वर्षं दोघे भाऊ ग्लायडर घेऊन किटी हॉकला जात राहिले. १९०१ च्या हिवाळ्यात त्यांनी दुकानातच एक लाकडी पेटी करून तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे छोटे नमुने त्यात धरून मोजमापं घेतली, कारण छापील पुस्तकातले आकडे त्यांच्या अनुभवाशी जुळत नव्हते. १९०२ च्या एका हंगामात त्यांनी सातशे ते हजार झेपा घेतल्या. इंजिन आलं ते यानंतर.

आपल्या मराठी घरांत इथे एक नाव हमखास निघतं, शिवकर बापूजी तळपदे यांचं. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तळपदे विमानविद्येचा ध्यास घेतलेले गृहस्थ होते. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा मिळालेला नाही. ना मोजमापांची वही, ना छायाचित्र, ना तपासून पाहता येईल असा आराखडा. किटी हॉकला मात्र पाच साक्षीदार हजर होते, त्यातल्या एकाने कॅमेऱ्याची कळ दाबली, संध्याकाळी घरी तार गेली आणि ऑर्व्हिलने डायरीत नोंद केली. दोन्हीकडे ध्यास असू शकतो, पण नोंद एकीकडेच आहे. इतिहासाला नोंदीवरच चालावं लागतं, मग आपल्याला ते आवडो न आवडो.

नकाशे वाटणारी माणसं

राइट बंधू आपलं तंत्र जपून ठेवणारे होते, पेटंटसाठी कोर्टात भांडले. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलच्या कॉफी मळेवाल्याचा मुलगा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ अगदी उलट स्वभावाचा. त्याने १९०७ ते १९०९ या काळात बांबू आणि रेशमी कापडाचं एक चिमुकलं विमान केलं, नाव 'दम्वाझेल'. त्याचे नकाशे त्याने कुणालाही वापरू दिले. १९१० मध्ये अमेरिकेतल्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकाने ते छापले आणि घरबसल्या विमान बांधण्याची कल्पना सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचली.

वीस वर्षांनी मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल या स्वतःच शिकलेल्या मेकॅनिकने आणखी एक पाऊल टाकलं. विमानाचं इंजिन फार महाग, म्हणून त्याने फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' मोटारीचं इंजिन लाकडी विमानाला बसवलं. मोटारीच्या इंजिनावर विमान नीट चालणार नाही, असं तेव्हा जाणकारांचं मत होतं. पीटनपोलने ते उडवून दाखवलं. त्याच्या 'एअर कँपर' या दोन आसनी विमानाचे नकाशे १९३२ मध्ये एका मासिकाच्या पुस्तिकेत प्रसिद्ध झाले. तेच विमान त्याच नकाशांवरून लोक आजही बांधतात. मंदीच्या काळात शेतकऱ्याच्या गोठ्यात, शाळेच्या वर्कशॉपमध्ये ही विमानं बांधली गेली. नकाशात जे आहे तेच करायचं, स्वतःची अक्कल फार चालवायची नाही, एवढं पथ्य पाळलं की हे विमान बांधणाऱ्याला सांभाळून घ्यायचं.

आकाशातली ऊ

आता या इतिहासातलं सगळ्यात दुःखाचं पान. फ्रान्समधला आंरी मिन्ये हा हौशी माणूस. त्याला उडायचं होतं, पण नेहमीचं विमान चालवणं जमेना. हाताने दांडा आणि पायाने सुकाणू, दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं, हा मेळ त्याला बसेना. मग त्याने ठरवलं की विमानच सोपं करायचं. एकामागे एक असे दोन पंख. पुढचा पंख बिजागरीवर हलणारा. पायाचं काम नाही, सगळं एका दांड्यावर. १० सप्टेंबर १९३३ रोजी ते उडालं. त्याने नाव ठेवलं 'पू-द्यु-सिएल', म्हणजे आकाशातली ऊ. इंग्रजांनी भाषांतर करताना उवेची पिसू केली आणि 'फ्लाइंग फ्ली' हे नाव रूढ झालं.

१९३४ मध्ये मिन्येने आपल्या विमानावर पुस्तक लिहिलं. मोजमापं, आकृत्या, लाकूड कुठून आणायचं, डिंक कोणता, सगळं घरगुती भाषेत. साधं सुतारकाम येतं त्याला विमान बांधता येईल, असा त्याचा विश्वास होता. पुस्तक तुफान खपलं. १९३५ मध्ये इंग्रजी भाषांतर आलं, आणि ऑगस्टमध्ये मिन्येने स्वतः त्या चिमुकल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. मग काय विचारता! फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये शेकडो लोकांनी दिवाणखान्यात, परसात, मोटारीच्या शेडमध्ये करवती चालवायला सुरुवात केली. विमानात बसण्याची ऐपत नसलेल्या माणसांचं ते स्वप्न होतं.

मग अपघात सुरू झाले, आणि ते सगळे एकमेकांसारखे होते. विमान नाक खाली करून सूर मारायचं आणि पुन्हा वर यायचंच नाही. आधी दोष बांधणाऱ्यांवर गेला. सांधा कच्चा असेल, मोजमाप चुकलं असेल. अखेर १९३६ मध्ये फ्रान्समध्ये शाले-म्यूदाँ इथे आणि इंग्लंडमध्ये फार्नबरो इथे पूर्ण आकाराचं विमान मोठ्या वायुबोगद्यात ठेवून तपासलं गेलं. म्हणजे प्रचंड पंख्यांनी वारा सोडून विमानावर काय जोर पडतो ते मोजायचं. दोष आराखड्यातच निघाला. एका ठरावीक कोनापेक्षा नाक जास्त खाली गेलं की वैमानिक साहजिकच दांडा मागे ओढणार. तसं केल्यावर पुढचा पंख कलून त्याची मागची कड मागच्या पंखाच्या जवळ जायची, आणि दोघांमधल्या फटीतून वारा असा वाहायचा की उचल पुढच्या पंखाऐवजी मागच्यालाच जास्त मिळायची. शेपूट वर, नाक आणखी खाली. जीव वाचवण्यासाठी केलेली हालचालच जीव घेत होती.

मिन्ये लबाड नव्हता. तो स्वतः त्याच विमानात बसत होता. तो सावकाश आणि हलक्या हाताने उडत असल्यामुळे त्या कोनापर्यंत तो सहसा गेलाच नाही, इतकंच. स्वतःच्या शंभर यशस्वी उड्डाणांनी त्याला जे कळलं नाही, ते परक्या माणसांनी वारा सोडून काही दिवसांत शोधलं. पुढे त्याने आराखड्यात दुरुस्त्या केल्या आणि सुधारलेली विमानं उडालीही. पण तोवर इंग्लंडने नवे परवाने थांबवले होते आणि घरी बांधलेल्या विमानाचं नाव युरोपभर बदनाम झालं होतं. पुस्तक वाचून लाकूड कापणाऱ्या कुटुंबांचं काय झालं असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

बंदी उठली कशी

अमेरिकेतही १९३० च्या दशकात नियम कडक होत गेले आणि घरी विमान बांधणं जवळजवळ बंद पडलं. ऑरेगॉन हे राज्य अपवाद. तिथल्या राज्य कायद्यात थोडी मोकळीक होती, म्हणून तिथे काही चिवट मंडळी बांधत राहिली. त्यांच्यातला जॉर्ज बोगार्डस १९४७ मध्ये 'लिटल जी बी' नावाच्या आपल्या एकट्याच्या विमानात बसून देशाच्या पश्चिम टोकाहून पूर्वेला राजधानी वॉशिंग्टनपर्यंत गेला. तिथे अधिकाऱ्यांना त्याने सांगितलं की बघा, घरचं विमान इतक्या लांब सुखरूप येऊ शकतं. अर्जाबरोबर पुरावा जोडतात तसं त्याने विमानच जोडलं, म्हणायला हरकत नाही. हौशी बांधकामासाठी स्वतंत्र वर्ग मिळाला त्यात या खटपटीचा मोठा वाटा आहे. ते विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

जानेवारी १९५३ मध्ये मिलवॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी आणि त्याच्या मोजक्या मित्रांनी 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' स्थापन केली. सुरुवातीचं ऑफिस म्हणजे पोबेरेझ्नींच्या घराचं तळघर. पत्रव्यवहार आणि सभासदांच्या नोंदी पत्नी ऑड्री बघायच्या. कोणत्याही संस्थेची पहिली काही वर्षं कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालतात, हे आपल्या सोसायटीच्या जुन्या सभासदांना सांगायला नको. आज या संस्थेचा ऑशकॉश गावातला वार्षिक मेळा सहा लाखांहून अधिक लोक बघायला जातात.

या संस्थेने केलेलं मोठं काम मेळ्यापेक्षा साधं आहे. अनुभवी बांधकाऱ्यांनी नवख्याच्या गॅरेजमध्ये जायचं, अर्धवट पंख उलटासुलटा करून बघायचा, चुका दाखवायच्या आणि चहा पिऊन परत यायचं. पैसे नाहीत, शिक्का नाही. दुसऱ्याचे डोळे मात्र मिळतात. मिन्येच्या वाचकांना नेमकी हीच गोष्ट मिळाली नव्हती.

बांधणं म्हणजे काय

अमेरिकेतल्या नियमाला बोलीत '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. विमानाचा बहुतांश भाग हौशी माणसाने, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असला पाहिजे. उरलेला भाग तयार मिळाला तरी चालतो. त्यामुळे आज बहुतेक जण नकाशावरून सुरुवात न करता सुट्या भागांचा संच मागवतात. ऑरेगॉनमधल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेनच्या 'आरव्ही' मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमानं अशी घराघरांत बांधून उडाली आहेत. दुसरा मोठा आराखडाकार बर्ट रुटान. त्याने १९७५ मध्ये फोमचा गाभा आणि वरून फायबरग्लास, अशी पद्धत लोकप्रिय केली.

आरव्ही विमान म्हणजे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि हजारो रिव्हेट. प्रत्येक रिव्हेटसाठी भोक पाडायचं, भोकाची धार घासून गुळगुळीत करायची, पत्रे तात्पुरत्या चापांनी धरायचे, मग रिव्हेट ठोकायचा. धार का घासायची? कारण भेग नेहमी खरखरीत कडेपासून सुरू होते. विमान हवेत सतत थरथरत असतं, आणि आज केसाएवढी असलेली भेग पाच वर्षांनी बोटभर होते. रिव्हेट ठोकायला बऱ्याच ठिकाणी दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून हवेची बंदूक लावायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. त्यामुळे अनेक विमानांत अर्धे रिव्हेट नवऱ्याचे आणि अर्धे बायकोचे असतात. नट ठरावीक जोरानेच आवळायचा, तो सुटू नये म्हणून पिन किंवा तार घालायची, आणि वर रंगाची बारीक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते आणि नुसत्या नजरेने कळतं. पन्नास पैशांची युक्ती, पण जीव वाचवणारी.

शेवटी तिन्ही चाकं तीन वजनकाट्यांवर ठेवून विमान तोलतात. एकूण वजनाइतकाच तोल महत्त्वाचा. शेपटीकडे जास्त जड झालं तर हवेत नाक खाली आणता येत नाही. म्हणून मागच्या सीटवर कोण बसणार आणि बॅग कुठे ठेवणार, याचाही हिशेब लिहून ठेवावा लागतो.

उडवायला शिकणं

पाच-सात वर्षं गॅरेजमध्ये घालवल्यावर एक अडचण होते. हात कारागिराचे झालेले असतात, पण वैमानिकाचे राहिलेले नसतात. बांधण्याच्या नादात उडणं बंद पडलेलं असतं. म्हणून जाणकार सांगतात की पहिल्या उड्डाणाआधी त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात शिक्षकाबरोबर तास भरा.

शिकण्यातला एक धडा इथे सांगण्यासारखा आहे. 'स्टॉल' म्हटलं की आपल्याला वाटतं इंजिन बंद पडलं. तसं नाही. पंख वाऱ्याला फार तिरका झाला की त्याच्यावरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम कमी होते. इंजिन जोरात चालू असतानाही हे होतं. विमान खाली जायला लागल्यावर माणसाची उपजत बुद्धी सांगते, दांडा मागे ओढ. बरोबर कृती उलटी आहे: दांडा पुढे, नाक खाली, वेग येऊ दे. उपजत बुद्धीच्या विरुद्ध वागायचं तर सराव हवा, आणि तो जमिनीपासून उंचावर, शेजारी शिक्षक असताना व्हायला हवा.

परवाना मिळाल्यावरही अमेरिकेत साधारणपणे पहिले ४० तास चाचणीचे असतात. इंजिन आणि पंखा प्रमाणित जोडीचे असतील तर २५. या काळात ठरलेल्या परिसरातच उडायचं, हौसेने कुणाला फिरवायला न्यायचं नाही. प्रत्येक उड्डाणात एकेक गोष्ट मोजायची: तापमान, तेलाचा दाब, कोणत्या वेगाला स्टॉल होतो. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द आणि प्रवाशासाठी इशाऱ्याची पाटी कायमची लावावी लागते.

हे नियम उगाच नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छोट्या खाजगी विमानांत घरी बांधलेली होती सुमारे १० टक्के, पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के होता. मुख्य कारणं दोन, इंजिनचा बिघाड आणि ताबा सुटणं. आणखी एक गोष्ट निघाली: अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विमानं चालवणाऱ्याने स्वतः बांधलेली नव्हती, दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती.

राखणं

या शेवटच्या मुद्द्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गायक जॉन डेन्व्हर. बर्ट रुटानच्या आराखड्यावरून दुसऱ्या कुणी बांधलेलं 'लाँग-ईझी' विमान त्यांनी विकत घेतलं होतं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात ते कोसळलं आणि डेन्व्हर गेले. ते अनुभवी वैमानिक होते. पण या विमानात इंधनाची टाकी बदलण्याची कळ आराखड्यातल्या जागी नव्हती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती, आणि तिच्यावर खुणा नव्हत्या. इंधन दाखवणाऱ्या काचेवरही खुणा नव्हत्या. कळ फिरवायला इतकी जड की उड्डाणाआधी तिच्यासाठी पकड देण्याचा विचार झाला. एका टाकीतलं इंधन संपत आल्यावर मागे वळून कळ फिरवताना पाय सुकाणूवर दाबला गेला आणि ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. इंधन पुरेसं न भरणं आणि या विमानाची अपुरी तालीम, हीही कारणं अहवालात आहेत.

कळ मागे बसवण्यामागे बांधणाऱ्याचा विचार चांगलाच होता. इंधनाची नळी वैमानिकाच्या केबिनमधून जाऊ नये, असं त्याला वाटलं. ती कळ कुठे आहे, कशी फिरते, हे त्याच्या हाताला पाठ होतं. पण हाताची आठवण विमानाबरोबर विकली जात नाही. विकलं जातं ते यंत्र, आणि त्याच्यासोबतची वही.

म्हणूनच विमानाला लॉगबुक असतं. दर बारा महिन्यांनी विमान उघडून तपासायचं. झाकणं काढायची, केबल झिजली का बघायची, इंजिनच्या नळकांड्यांतला दाब मोजायचा, गाळणी कापून आत धातूचा चुरा आहे का पाहायचं. अमेरिकेत बांधणाऱ्याला त्याच्या त्या एका विमानापुरता ही तपासणी करण्याचा दाखला मिळू शकतो, कारण त्याच्याइतकं ते कुणाला माहीत नसतं. विमान विकलं की नव्या मालकाला तो दाखला मिळत नाही. मला या नियमात मोठा शहाणपणा दिसतो. बांधणाऱ्याच्या ज्ञानाचा मान राखलेला आहे, आणि ते ज्ञान त्याच्याबरोबरच जातं हेही ओळखलेलं आहे.

आपल्या इमारतीलाही आता पंचवीस वर्षं झाली. सुरुवातीच्या कमिटीतल्या कितीतरी मंडळींना पाइप कुठून गेला आहे, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या विंगचा, हे तोंडपाठ होतं. त्यांतले काही आता मुलांकडे राहायला गेले, काही आपल्यात नाहीत. त्यांनी जे रजिस्टरात लिहून ठेवलं ते आपल्या कामाला येतं. जे लिहिलं नाही त्यासाठी भिंत फोडावी लागते. स्ट्रक्चरल ऑडिटला बाहेरचा इंजिनिअर येतो तेव्हा "आम्हाला माहीत नाही का आमची बिल्डिंग?" असं एखाद्याला वाटतं. मिन्येलाही आपलं विमान माहीत होतं.

आपल्या सोसायटीतली पुढची पिढी काही तरी वेगळं बांधायला निघेल. विमान नसेल कदाचित, ड्रोन असेल, सौर पॅनेल असतील, किंवा आपल्याला आज सुचणारही नाही असं काही. त्यांनी गच्चीची किल्ली मागितली तर द्यावी, असं माझं मत आहे. सोबत एक कोरी वही द्यावी आणि आठवड्यातून एकदा वर जाऊन, त्यांना न रागावता, काय चाललंय ते नीट बघावं. रिव्हेट ठोकताना आतून ठोकळा धरणारा माणूस कुणीतरी लागतोच.